रिवॉर्ड्स कार्डाचा अर्ज कारण न देता दोनदा नामंजूर केल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग
(प्रत माहितीसाठी: दुकानाचे व्यवस्थापक)

महोदय,

आपल्या बँकेने एका कपड्यांच्या दुकानसाखळीबरोबर काढलेल्या रिवॉर्ड्स कार्डासाठीचा माझा अर्ज आठ दिवसांत दोनदा नामंजूर झाला. दोन्ही एसएमएसमध्ये एकच वाक्य होते: ‘अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.’ कार्ड द्यायचे की नाही हा बँकेचा अधिकार आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. कारण लपवले गेले आणि माझ्या सिबिल अहवालात (कर्जाच्या नोंदींच्या अहवालात) नाहक दुसरी चौकशी, म्हणजे बँकेने तो अहवाल मागवल्याची नोंद, झाली, याबद्दल ही तक्रार आहे.

बिलिंग काउंटरजवळचा आपला प्रतिनिधी टॅबलेटवर अर्ज भरताना ‘कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, फक्त ओटीपी सांगा’ असे म्हणाला. ओटीपीच्या मेसेजमध्ये मात्र क्रेडिट ब्युरोकडून (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेकडून) अहवाल मागवायला संमती असल्याचे लिहिले होते. प्री-अप्रूव्ह्ड म्हणजे मंजूर नव्हे; ब्युरोचा अहवाल, पॅनची पडताळणी आणि केवायसी हे सगळे त्यानंतरच होते. मागे बिलाची रांग लागलेली असताना हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? ते सांगणे प्रतिनिधीचे काम आहे.

अर्ज कुठे अडला ते मी स्वतः कागद लावून पाहिले. माझ्या आधारवर सासरचे नाव आहे, पॅनवर माहेरचे. पहिल्या अर्जात प्रतिनिधीने आधार पाहून नाव टाकले आणि खाली पॅन क्रमांक भरला, तेव्हा पॅनच्या पडताळणीत नाव जुळले नसणार. आठवड्याने त्यानेच फोन करून ‘नाव दुरुस्त करतो’ म्हणत पुन्हा ओटीपी घेतला. प्रत्यक्षात त्याने पॅनवरच्या नावाने नवा अर्ज टाकला, त्याला नवा क्रमांक पडला, आणि आता आधारवरचे नाव जुळेना. सिबिल अहवालात आपल्या बँकेच्या नावापुढे आठ दिवसांच्या अंतराने दोन चौकशा दिसतात, दोन्हींचा उद्देश ‘क्रेडिट कार्ड’. पुढे गृहकर्जाला गेल्यावर दुसरी बँक हेच पान उघडून बसेल.

लग्नानंतर पॅनवरचे नाव न बदललेल्या बायका महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. नाव जुळत नाही एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी कळले असते, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून पॅनदुरुस्तीचा अर्ज करता आला असता. त्याऐवजी कॉल सेंटरने ‘सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगितले. नावातली तफावत सहा महिन्यांनीही तशीच राहणार आहे! दुकानात विचारले तर ते बँकेकडे बोट दाखवतात. कार्ड देणारी बँक असल्याने उत्तर आपणच द्यायचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांप्रमाणे अर्ज नाकारल्यास नेमके कारण लेखी कळवणे बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमके कारण होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. दोन्ही नामंजुरींचे नेमके कारण लेखी कळवावे. माझा अंदाज चुकीचा असेल तर तेही कळू द्या.

२. दुसरा ओटीपी दुरुस्तीच्या नावाखाली घेतला होता, नव्या अर्जाला माझी संमती नव्हती. ती चौकशी काढून टाकण्यासाठी बँकेने ब्युरोला कळवावे. अशा दुरुस्तीला ३० दिवसांहून उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

३. टॅबलेटवरच्या अर्जात पॅन आणि आधारवरच्या नावांची जुळणी आधी व्हावी आणि ब्युरोचा अहवाल त्यानंतरच मागवावा. असा क्रम ठेवला तर नावापायी अडणाऱ्या एकाही अर्जदाराची चौकशी फुकट जाणार नाही.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार नोंदवेन.

आपली,
अर्जदार

सोबत: दोन्ही एसएमएस व ओटीपीच्या मेसेजची छायाचित्रे, सिबिल अहवालातील चौकशांचे पान, विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत