भट्टी घेण्याआधी घरचे मीटर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी मातीकाम करणाऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. चाक, माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) यांवर त्यात भरभरून लिहिले आहे. भांडी भाजायच्या भट्टीसाठी मात्र ‘छोटी विद्युत भट्टी घ्यावी’ एवढेच वाक्य. खर्च आणि धोका दोन्ही तिथेच सर्वांत जास्त, म्हणून हे पत्र.

जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात, लिटर (म्हणजे आतली जागा) आणि कमाल तापमान. आधी विचारायचा तो तिसरा, किलोवॅट. घरातले १६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टला फार तर साडेतीन किलोवॅटपर्यंत जाते. गिझरचा भारही दोन-तीन किलोवॅट असतो, पण गिझर थोड्या वेळात बंद होतो आणि भट्टी आठ-दहा तास चालते. त्यामुळे तीन किलोवॅटच्या भट्टीलासुद्धा मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा), आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा) आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. मोठ्या भट्टीला थ्री-फेज लागते, मंजूर भार वाढवायला अर्ज करावा लागतो. ही कामे भट्टी दारात येण्यापूर्वी उरकावीत. जुन्या इमारतीत तर वायरमन आधी, विक्रेता नंतर.

दुसरी गोष्ट १३०० अंश सेल्सिअसचीच भट्टी हवी या हट्टाची. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने १९७१पासून स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजलेल्या, दगडासारख्या घट्ट भांड्यांची) जी परंपरा रुजवली, तिचा मला मनापासून आदर आहे. पण आपल्या कुंभारांची लाल माती ९०० ते १००० अंशांतच पक्की होते. ती १२००ला नेली तर फुगते, बसते, भट्टीतल्या शेल्फला चिकटते. तेव्हा कोणत्या मातीत काम करायचे, हे आधी ठरवावे. स्टोनवेअरच करायचे असेल तर भट्टी १२८० किंवा १३०० अंशांची घ्यावी आणि १२२०च्या आसपास पिकणारी माती व ग्लेझ वापरावे. दर वेळी कमाल तापमान गाठले की कॉइल (भट्टी तापवणाऱ्या तारा) लवकर जातात. सुट्या कॉइल मिळतात का, दार उघडताच वीज तुटते का, वीज जाऊन आली तर तापमान सांभाळणारा कंट्रोलर आहे त्या तापमानापासून पुढे जातो की पहिल्यापासून सुरू करतो, हेही विचारावे. आपल्याकडे वीज जातेच.

पहिल्या भाजणीत मातीतले सेंद्रिय पदार्थ जळून कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू निघतात. झोपायच्या खोलीत किंवा बंद स्वयंपाकघरात भट्टी नकोच. गॅलरीत ठेवायची तर पावसाचा एक थेंबही तिच्यावर येता कामा नये आणि चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी हवी.

विजेचा हिशेबही मांडून पाहावा. तीन किलोवॅटची भट्टी आठ तास पूर्ण जोरात चालली तर २४ युनिट. महिन्यात चारदा लावली तर शंभराच्या जवळ, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही वाढीव युनिटे वरच्या दराने पडतात.

विक्रेत्यांनी किलोवॅट, फेज आणि लागणाऱ्या वायरची जाडी जाहिरातीतच छापावी, ही विनंती. नव्याने शिकणाऱ्यांनी शक्य असेल तर सुरुवातीला जवळच्या स्टुडिओत पैसे देऊन भांडी भाजून घ्यावीत. आपण महिन्याला किती आणि केवढी भांडी करतो, हे त्यातून कळते, आणि भट्टीचे लिटर त्यावरच ठरवायचे असतात.

– एक वाचक, पुणे