बेतीच्या तांडेलकाकांना

तांडेलकाका, सादर नमस्कार.

काल संध्याकाळी आम्ही पाचही जण सुखरूप गोव्यात, बेतीच्या जेटीवर उतरलो. दोन दिवस, एक रात्र, भाड्याच्या शिडाच्या बोटीवर. कप्तान बोटीचा होता, पण ही सहल घडली ती तुमच्यामुळे. तोंडी सांगायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते. उघडपणे लिहिते, कारण पहिल्यांदाच असं निघणाऱ्या आणखी चार घरांच्या ते उपयोगी पडेल.

दिवाळीनंतर आम्ही तुमच्या ओसरीवर आलो तेव्हा मी तारीख ठरवूनच आले होते. पौर्णिमेची, चांदण्यासाठी. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलंत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती-ओहोटी जोराची; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ती सौम्य. पहिल्या खेपेला भांगाचेच दिवस धरा, म्हणालात. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. जोराची ओहोटी बाहेर ओढते आणि दुपारचा वारा समुद्राकडून आत येतो, तेव्हा त्या दांड्यावर लाट उभी राहते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, ओहोटी जोर धरायच्या आत परतायचं. तुम्ही पेन्सिलीने अष्टमीभोवती गोल केलात आणि माझं चांदणं गेलं. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आणि ते जाकीट! आधी जिथे चौकशी केली होती तिथे केक आणि गाणी यांचीच बोलणी झाली. मुलांच्या मापाची लाइफ जाकिटं विचारली तर 'सगळ्यांना बसतात' एवढंच उत्तर. तुम्ही माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं जाकीट घातलंत, पट्टे आवळलेत आणि खांद्यांना धरून वर उचललंत. जाकीट सरळ तिच्या कानांवर आलं. 'पाण्यात हेच होणार,' एवढंच बोललात. त्या संध्याकाळी मी ते बुकिंग सोडलं. दुसऱ्या बोटीवर जाकिटं हाताने उचलून पाहिली, मगच पैसे दिले.

सासूबाईंना घरी ठेवायचं आमचं ठरत होतं. तुम्हीच म्हणालात, त्यांना न्या. बोट लागू नये म्हणून मधोमध बसायचं, नजर क्षितिजावर, पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, सोबत आलेपाक. आग्वादच्या दीपस्तंभासमोर शीड भरलं, बोट एका अंगाला कलली, तेव्हा त्यांनी माझा हात सोडून पदर खोचला. ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

मुलीला तुम्ही 'तारिणी'ची गोष्ट सांगितलीत. आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली पंचावन्न फुटी होडी, नौदलाच्या सहा जणी, २०१७ च्या सप्टेंबरात गोव्यातून निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परतल्या. मग हातभर निळा दोर दिलात आणि ताण पडला तरी न आवळणारा फास शिकवलात. तो तिने पायरीवर बसून कितीदा बांधला, कितीदा सोडला! रात्री रेईश मागूशच्या किल्ल्याखाली नांगर टाकल्यावर छोट्या होडीचा दोर कप्तानाने तिच्या हातात दिला. तिने बांधला. पहाटे मी उठून आधी तोच पाहिला; जसाच्या तसा होता.

काका, तो निळा दोर तिच्या उशाखाली आहे. परत द्यायला ती तयार नाही. आमच्याकडेच राहू द्या, एवढं मागते.

तुमची,
म्हापशाची सून