आहारतज्ज्ञ ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मी ट्रान्स स्त्री आहे, इस्ट्रोजेन घेते, हे सांगितल्यावर तुम्ही लगेच विचारलंत, "उपचार कधीपासून सुरू आहेत?" इतका नेमका प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता. कॅलरीचा हिशोब मागायला गेले की 'स्त्री की पुरुष' यावरच सगळं अडायचं.

ते का अडतं, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. मिफ्लिन-सेंट जिऑर यांचं १९९० चं सूत्र: किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वयाची पाचपट. शेवटी पुरुष असेल तर ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे. ७० किलो, १७० सेंटिमीटर, वय ३० धरलं, तर नुसतं पडून राहायला शरीराला लागणाऱ्या कॅलरी एका उत्तराने साधारण १६१८, दुसऱ्याने १४५२. हा १६६ चा फरक मुख्यतः स्नायू आणि चरबीच्या सरासरी प्रमाणामुळे पडतो, हे तुमच्याकडून कळलं आणि मनावरचं मोठं ओझं उतरलं. माझ्या उपचारांत स्नायू हळूहळू कमी होतात, चरबी वाढते. हा बदल काही एका रात्रीत होत नाही.

मग स्नायूंवरूनच हिशोब करू, असं मी म्हटलं. चरबी वगळून उरलेल्या वजनाला २१.६ ने गुणून ३७० मिळवायचे, या सूत्रात लिंग येतच नाही. पण चरबी मोजणारा घरगुती वजनकाटाही आधी लिंग विचारतो आणि त्यावरूनच आकडा काढतो, हे तुम्ही लक्षात आणून दिलंत. किती बारीक विचार केला होतात तुम्ही!

शेवटी तुम्ही दोन्ही टोकं लिहून दिलीत, मधल्या आकड्यापासून सुरुवात करायला सांगितलंत आणि रोजच्या वजनापेक्षा आठवड्याची सरासरी बघायला शिकवलंत. तीन-चार आठवडे सरासरी जिकडे झुकेल, त्याप्रमाणे जेवण थोडं कमी-जास्त करायचं. वजन वाढेल या धास्तीने मी पोटाला चिमटा काढत होते, तेही तुम्ही प्रेमाने थांबवलंत. हाडांनाही पोषण लागतं, म्हणालात.

माझा एक ट्रान्स मित्र टेस्टोस्टेरॉन सुरू करतोय. त्याचे स्नायू वाढतील, भूकही वाढेल. त्याला तुमच्याकडे पाठवतेय. त्यालाही आधी तोच प्रश्न विचारा.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण