साखर तपासता, तर मद्याचेही विचारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदयविकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार यांमुळे होणारे अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायचे, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते. त्याआधीच केंद्राने याच मुदतीसाठी मद्यसेवनात १० टक्के व मिठाच्या वापरात ३० टक्के घट करण्याचे लक्ष्य स्वीकारले होते. या लक्ष्यांचे गोव्यात काय झाले, याचा हिशेब आरोग्य खात्याने जनतेपुढे मांडावा, यासाठी हे पत्र.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणारे देशात १८.८ टक्के आढळले, गोव्यात ३६.९ टक्के. ‘पितात ते पर्यटक’ हे आपले ठेवणीतले उत्तर इथे लागू पडत नाही, कारण ही पाहणी हॉटेलांत नव्हे, घरोघरी झाली. एकामुळेच दुसरे घडते, असे माझे म्हणणे नाही. दोन्ही वेळचा भात, सकाळ-संध्याकाळचा पाव, वाढते वय आणि बैठे काम ही कारणे आहेतच. परंतु ज्या माणसाला मधुमेह आहे आणि जो संध्याकाळी बारमध्ये बसतो, तो एकच माणूस आहे, हे आपली आरोग्य यंत्रणा विसरते.

माझ्या थोरल्या दिरांना घेऊन मी जवळच्या आरोग्य केंद्रात जात असते. तिथे रक्तदाब मोजतात, बोटाला सुई टोचून साखर पाहतात, कार्डावर आकडे लिहितात आणि ‘भात कमी करा, गोड बंद करा’ असे सांगून गोळ्या देतात. रात्री किती घेता, काही खाऊन घेता की उपाशीपोटी, हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक यकृत मद्याचा निचरा करण्यात गुंतले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. त्यामुळे इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळून मद्य घेतले, तर कित्येक तासांनीही साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही साखर उतरल्याची लक्षणे. घरचे म्हणतात, ‘चढली असेल, झोपू द्या.’ शिवाय एक ग्रॅम मद्यार्कातून सात कॅलरी मिळतात, आणि सोबत तोंडी लावायला तळलेले, खारट काहीतरी असतेच. आहाराच्या तक्त्यात यांतले काहीच मोजले जात नाही.

मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या प्राथमिक तपासणी अर्जात मद्याविषयी प्रश्न आहे, पण तो ‘रोज घेता का?’ एवढाच. शनिवार-रविवारी किंवा हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूच्या, हंगामात भरपूर पिणारा त्याला खुशाल ‘नाही’ म्हणतो, आणि त्यात तो खोटेही बोलत नाही.

खेदाची बाब अशी की यावरचा उपाय गोव्यातच तपासला गेला आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या पुरुषांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून मोजक्या बैठकांत सल्ला देऊन पाहिला. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा गुण अधिक दिसला आणि २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेल्यांसाठी हा उपाय नव्हता, त्यांना वेगळे उपचार लागतात. मात्र तिथवर जाण्याआधी माणसाला अडवण्याची ही संधी आहे.

तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या तपासणीच्या दिवशी असा एक समुपदेशक बसवावा, कार्डावर साखरेच्या रकान्याशेजारी ‘आठवड्यात किती वेळा, एका वेळी किती’ असा रकाना छापावा, आणि त्यासाठी लागणारी रक्कम अबकारी महसुलातून वेगळी काढून येत्या अर्थसंकल्पात दाखवावी, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा