राडारोड्याची खडी निविदेत आणा

महोदय,

पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा मुंबईत कांदळवनांत आणि पुण्यात नदीकाठी टाकला जातो, आणि त्याच शहरांतल्या नव्या बांधकामांसाठी लागणारी खडी आसपासचे डोंगर फोडून आणली जाते. वास्तविक हा राडारोडाच काही प्रमाणात खडी म्हणून वापरण्याची मुभा ‘आयएस ३८३’ या भारतीय मानकाने २०१६ मध्येच दिली आहे. जुने काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या (बिनसळईच्या) काँक्रीटमध्ये २५ टक्के, ‘एम-२५’ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत (सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्के, तर पायाखाली अंथरायच्या, एम-१५ हून कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते. सरकारी व पालिकेच्या कामांत असे साहित्य १० ते २० टक्के घ्यावे, असे त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत म्हटले होते.

तरीही साइटवरचे अभियंते ही खडी घ्यायला कचरतात आणि त्यांची शंका निराधार नाही. या खडीला जुन्या सिमेंट-वाळूचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो. आपला काळा दगड फारसे पाणी शोषत नाही. ही खडी मात्र मिश्रणातले पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मग कामगार वरून पाणी ओततात आणि काँक्रीटची ताकद घटते. खडी मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी नीट भिजवून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. विटा, पीओपी, लाकूड आणि प्लास्टिक यांची भेसळ हा याहून अवघड प्रश्न आहे, कारण पीओपीतील सल्फेट काँक्रीटला घातक ठरते आणि एकदा सगळे एकाच डंपरमध्ये भरले की ते पुन्हा वेगळे करणे खर्चाचे होते. म्हणून वर्गीकरण पाडकामाच्या जागीच व्हायला हवे. माझ्या मते प्रक्रिया केंद्राच्या यंत्रांपेक्षाही ते महत्त्वाचे आहे.

मुंबई महापालिकेने दहिसर व शिळफाटा येथे रोज प्रत्येकी ६०० टन राडारोड्यावर प्रक्रिया करू शकणारे प्रकल्प उभारले आहेत. पण तयार मालाला खात्रीचे गिऱ्हाईक नसेल, तर असे प्रकल्प चालणार कसे? पदपथ, गटारे, कुंपणभिंती आणि रस्त्याखालचे साधे काँक्रीट (पीसीसी) या पालिकांच्याच कामांपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी दरसूचीत या खडीचा स्वतंत्र दर असावा, निविदेत तिचे किमान प्रमाण बंधनकारक करावे, प्रत्येक खेपेच्या पाणीशोषणाची व क्यूबच्या (काँक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकदीच्या) चाचणीची नोंद जाहीर करावी आणि पाडकामाची परवानगी देतानाच काँक्रीट, विटा व सळया वेगळ्या करण्याची अट घालावी.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे