स्पष्टवक्तेपणाची पळवाट

संपादक महोदय,

‘मी स्पष्टवक्ती आहे’ असे म्हणत मी तीस वर्षे माणसे दुखावली. शिक्षिका होते, त्यामुळे जिभेला धार होतीच. मागच्या महिन्यात धाकट्या जावेला सगळ्यांदेखत म्हणाले, “तुला एवढीही अक्कल नाही?” कारण काय, तर प्रार्थनेची वेळ तिने चुकीची कळवली होती. प्रार्थनेची! हसू येते आता.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी होता. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशूने भावाला ‘मूर्ख’ म्हणणेही किती गंभीर मानले आहे, हे मी मुलांना कितीदा शिकवले असेल. त्याच्या पुढच्याच ओळी मात्र मी नेहमी घाईने उरकत असे: अर्पण वेदीपुढे तसेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. म्हणजे उपासनासुद्धा थांबू शकते, पण माफी नाही.

मी उठून मागच्या बाकावर बसलेल्या जावेकडे गेले. “चुकले गं माझे” एवढेच बोलता आले. ती म्हणाली, “ताई, अक्कल नाही याचे काही वाटले नाही. सगळे हसले, त्याचे वाटले.”

बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने जिभेला आग म्हटले आहे, ते उगाच नाही. आता बोलण्याआधी मी आजूबाजूला कोण आहे ते पाहते. चूक सांगायचीच असेल, तर एकटीला गाठून सांगते. दोनदा तरी विसरले आहे. दोन्ही वेळा जावेने नुसते माझ्याकडे पाहिले.

– एक निवृत्त शिक्षिका