बाहेर जेवायला जाऊया, पण हॉटेल मी निवडणार

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की आता आम्हाला बाहेर जेवायला नेऊच नकोस, आमचं वय झालं, आणि आई मागून म्हणाली "हो गं, उगाच खर्च". खर्चाचं एक वेळ समजू शकते, पण ते वयाचं कारण मला काही पटलेलं नाही. फोनवर तुम्ही दोघं मिळून मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या वेळी त्या नवीन हॉटेलात गेलो होतो ना, तिथे वेटर आला आणि आजचे स्पेशल पदार्थ भराभर सांगून मोकळा झाला, बाबा हसून "हो हो, चालेल" म्हणाले. मग डिश समोर आली तर बाबा आधी डिशकडे बघतायत, मग आईकडे, की हे मागवलं कोणी? मी समोरच बसले होते, सगळं दिसत होतं. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं आणि परत विचारायचा संकोच वाटला. नंतर जेवण होईपर्यंत गप्प. घरी आल्यावर "बरं होतं" एवढंच. हे वय झाल्याचं तिथूनच सुरू झालंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरं सांगू का, त्या दिवशी मलाही धड ऐकू येत नव्हतं. मी टेबलाखाली फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावलं तर आकडा ८० डेसिबलच्या वर (फोनचं माप अगदी काटेकोर नसतं पण अंदाज येतो). आपण घरात समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६०. २० चाच फरक वाटतो पण डेसिबलचं गणित वेगळं असतं, दर १० ला आवाजातली ऊर्जा दहापट होते, म्हणजे ६० चे ८० झाले की शंभरपट. आणि ८५ डेसिबलमध्ये रोज आठ तास काम केलं तर कानाला कायमची इजा व्हायचा धोका धरतात, आपण तासाभरात उठून आलो, ते वेटर बिचारे तिथेच असतात.

हे असं का होतं तर हल्लीच्या हॉटेलांची सजावट. उघडा सिमेंट, काचा, फरशी, लाकडी टेबलं, ना पडदा ना टेबलक्लॉथ, फोटोत मस्त दिसतं पण आवाज शोषून घेणारं काही उरतच नाही, सगळा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. त्यात गाणी. आणि आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवून दिलं होतं. मग शेजारचं टेबल जोरात बोलायला लागलं की आपण जोरात, आपलं ऐकून पलीकडचे त्याहून जोरात, आणि नऊच्या सुमारास हॉटेलात अक्षरशः कोणीच कोणाचं ऐकत नसतं, नुसते सगळे ओरडत असतात.

बाबा, तुमच्या कानाचं म्हणाल तर तुम्हाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, बरोबर? वयानुसार ऐकू येणं कमी व्हायला लागतं ते आधी बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून, आणि स, श, फ, थ असली व्यंजनं नेमकी तिथली. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. म्हणून समोरचा पुटपुटतोय असं वाटतं, आणि गोंगाटात ती उरलीसुरली व्यंजनंही बुडतात. शांत खोलीत तुम्ही माझ्याशी तासन् तास गप्पा मारता, मग अडचण तुमची की त्या खोलीची?

आणि तुमचं ते कानाचं मशीन डबीत ठेवून काही होणार नाहीये. तुम्ही म्हणता त्यात भांड्यांचाच आवाज जास्त येतो. येतो, कारण ते सगळंच मोठं करतं. पण हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये पुढच्या दिशेचा आवाज जास्त पकडायची सोय असते, तुमच्यात आहे का ते ऑडिओलॉजिस्टला विचारू, असेल तर बसताना गोंगाट, म्हणजे किचनचं दार आणि स्पीकर, तुमच्या पाठीमागे पाहिजे आणि आम्ही समोर. आपण दरवेळी उलटं करतो, तुम्हाला सगळं हॉटेल दिसावं म्हणून भिंतीशी बसवतो. यापुढे नाही. आणि मोठं गोल टेबलही नको, चौघंच जाऊ, सगळे एकाच वेळी बोलायला लागले की कान चांगले असणाऱ्यालाही काही कळत नाही.

वेळही बदलू. हॉटेल उघडतं त्याच वेळेला, मधल्या वाराला जायचं. किचनला घाई नसते, वेटरला उभं राहून बोलायला वेळ असतो, काय कमी मसाल्याचं मिळेल ते तो आत जाऊन विचारून येतो. शनिवारी रात्री हेच विचारून बघा, मान डोलावेल आणि विसरेल.

आईचा प्रश्न उजेडाचा. वय वाढतं तसं डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट, साठीतल्या डोळ्यात विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो म्हणतात, त्यात हे मंद दिवे लावून राखाडी कागदावर बारीक अक्षरात मेनू देतात. त्यापेक्षा तो क्यूआर कोडचा मेनू तुझ्यासाठी बरा गं आई, तू कितीही नावं ठेव, फोनवर अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं! नाहीतर मी घरीच मेनू उघडून देते, निवांत ठरवा.

मिठाचं मात्र भांडायला लागेल. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगतं, आणि हॉटेलात "मीठ कमी घाला" म्हटलं की सगळे हो म्हणतात, पण ग्रेव्ही, सॉस, सूप आधीच करून ठेवलेलं असतं, त्यातलं मीठ कोण काढणार. ऑर्डर दिल्यावर ताजं करतात तेच मागवायचं, आणि सॉस वेगळा वाटीत.

आणि बाबा, जेवून एकदम उठायचं नाही. भरपेट जेवल्यावर या वयात बीपी खाली येऊ शकतं, दोन तासांपर्यंत, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. त्या दिवशी पायऱ्यांवर तुम्ही कठडा धरून थांबलात ते मी पाहिलंय, तुम्ही बुटाची लेस म्हणालात. डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवू. तोपर्यंत थोडं थोडं खायचं आणि बिल आलं तरी जरा बसायचं, कोणी हाकलत नाही. मी फोन करून विचारतेच आता, पायऱ्या किती, टॉयलेट कुठल्या मजल्यावर, खुर्चीला पाठ आहे का, गाणी बारीक करता का. हसतात कधीकधी. हसू देत.

उरलेलं पॅक करून घ्यायला माझी ना नाही, पण आई, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. वाटेत आणखी कुठे बसून गप्पा मारायच्या असतील तर भात तिथेच सोडायचा, त्यातल्या काही जंतूंचं विष परत गरम करूनही जात नाही.

तर तुम्ही आलात की मंगळवारी जाऊ, कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवते. जागा मी दोन-तीन बघून ठेवल्यात, दिसायला अगदीच साध्या आहेत, एका ठिकाणी जाड पडदे आहेत आणि ते बघूनच मी खूश झाले. बाबांनी मशीनला नवीन सेल घालून आणायचा. बिलावरून भांडायचं नाही, कार्ड मी आधीच काउंटरवर देऊन ठेवणार आहे.

तुमची,
धाकटी